गिअरबॉक्स मेला, असं ठरलं

सकाळपासून अराबापुढे दोन संकटं होती आणि आधी कोणत्याला घाबरावं हेच तिला कळेना. अंगणातल्या गाडीचा गिअर पडत नव्हता, आणि सहा महिन्यांच्या एकुआच्या कमरेची मणीमाळ नाहीशी झाली होती.

माळ घट्ट बसू लागली की लेकरू बाळसं धरतंय, सैल पडली की सुकतंय. सासूबाईंचा दवाखान्यातल्या काट्यापेक्षा तिच्यावरच भरवसा. आणि इथे माळ अख्खी घसरून गेलेली! अराबाने आपली पदवी घडीभर बाजूला ठेवून लेकीच्या बरगड्या चाचपल्या. त्या हातालाच लागेनात, तेव्हा ती जास्तच घाबरली.

"उद्या हिला वजनाला न्यायचंय," ती नवऱ्याला म्हणाली. "असल्या नाजूक पोरीला घेऊन मी खच्चून भरलेल्या ट्रोट्रो व्हॅनच्या गर्दीत चढणार नाही. गाडी हवी."

"हीच की दुसरी, एवढं ठरू दे," एबो म्हणाला.

ठरवायला फिटर आला. त्याला सगळं केप कोस्ट मास्टर म्हणायचं. त्याने गिअरचा दांडा हिसकला. करकर आवाज झाला, दांडा जागचा हलला नाही.

"ऐकलंत? आतलं काहीतरी तुटलंय. गिअरबॉक्स मेला."

"दुसरा बसवता येईल?" एबोने विचारलं.

"येईल की. जुना मिळतो बाजारात. किती टिकेल ते देव जाणे."

"मग गाडीच बदलू?"

"बदला. तिचा गिअरबॉक्स कसा निघेल, तेही देवच जाणे."

"पास्टरना बोलवा," सासूबाई ओट्यावरून म्हणाल्या. "गाडी घेतली तेव्हा तेल लावून प्रार्थना केलीत. नंतर कुणी विचारलंय तिला?"

अराबा आधी 'दुरुस्त करा' म्हणाली, मग 'विकून टाका', मग एकुआला छातीशी धरून 'आधी हिच्याकडे बघा रे' म्हणाली. तेवढ्यात वोफा आटा, म्हणजे एबोचे मामा, आपली पिकअप घेऊन हजर झाले. सोबत दोरही होता.

"भाच्या, भंगाराला काय जपतोस? मी नेतो ओढून."

मामांना इतक्या लवकर कुणी कळवलं, हे विचारायचं कुणालाच सुचलं नाही. गाडी द्यायची ठरली. मामा दोर बांधू लागले आणि अराबा लेकीला मांडीवर घेऊन गाडीतलं सामान काढायला बसली. काल चर्चहून येताना एकुआ इथेच तर मांडीवर उड्या मारत होती. आताही दांड्याशी खेळत होती. खेळता खेळता तिने काहीतरी उचलून तोंडाकडे नेलं.

अराबाने झडप घातली. पिवळा मणी!

तिने केसातली पिन काढून दांड्याच्या फटीत घातली. एक निळा आला, दोन पिवळे आले, मग मणीच मणी, आणि शेवटी दोऱ्याचा तुकडा. एबोने ब्रेक दाबून दांडा ओढला. तो लोण्यासारखा सरकला.

सासूबाईंनी दोरा डोळ्यांजवळ धरला. "घसरली कुठे गं? तटकन तुटलीय! पोरीचं पोट बघ जरा, ढोल झालाय नुसता."

अराबा हसली, रडली, आणि आता पोर फार जाड तर होत नाहीये ना, या काळजीला लागली.

एबोने आनंदाच्या भरात गाडी मागे घेतली. पाठोपाठ दोराने ओढली जात मामांची पिकअपही निघाली.

"अरे दोर! दोर सोडू दे!" मामा दोन गाड्यांच्या मधून धावले.

मास्टर मात्र शांत होता. तळहातावरचे मणी घोळवत तो म्हणाला, "आतलं काहीतरी तुटलंय, मी पहिल्यांदाच सांगितलं होतं."