चार्जवरच्या मॅडम

आमच्या प्राचार्य वाव्हळे मॅडम कुठल्याही लग्नाला रिकाम्या हातानं जात नाहीत. हातात परीक्षेचा फॉर्म असतो, पर्समध्ये पेन आणि मागं मी. मी म्हणजे कॉलेजचा हेडक्लार्क, नामदेवराव. लोक स्टेजवर आहेर द्यायला चढतात, ह्या बाई सही घ्यायला. नवरीनं नवरदेवाच्या गळ्यात हार घातला, की पुढच्या मिनिटाला तिच्या हातात पेन! फोटोग्राफर बोंबलतो, "बाई, बाजूला व्हा." मॅडम म्हणतात, "तू काढ रे फोटो. सही करतानाचा काढ, चांगला दिसंल."

आमचं कॉलेज केजच्या बाहेर, रस्त्याला लागून. इथं पोरींची लग्नं आणि परीक्षांचे फॉर्म दोन्ही एकाच हंगामात निघतात. लग्न झालं की पोरगी गेली, हे ठरलेलं. मॅडमना ते मान्य नव्हतं. पत्रिका आली असो नसो, बाई हजर.

तेलगावच्या लग्नात तर माझी अब्रूच जायची वेळ आली होती. नवरी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाची. वरमाय खवळली. "लई शिकली आता. आमाला काय कलेक्टर करायची न्हाई."

ऑफिसात पुस्तकी बोलणाऱ्या मॅडम तिच्या शेजारी गादीवर ऐसपैस बसल्या. "विहीणबाई, तुमी किती शिकलात?"

"दहावीला बसलेते. गणितात गेले."

"मग परत कावून न्हाई बसलात?"

"लगीन झालं की ओ."

मॅडमनी पर्समधून दुसरा कागद काढला. परत दहावीला बसायचा फॉर्म! मी मनात म्हटलं, मेलो, आता हे लोक आपल्याला जेवू घालत नाहीत. पण वरमाईनं इकडंतिकडं बघितलं, पदर सावरला आणि हळूच विचारलं, "कुटं करायची सही?" त्या वर्षी सासू आणि सून दोघी परीक्षेला बसल्या. सून फर्स्ट क्लासात पास झाली. सासू परत गणितातच गेली. मॅडम म्हणाल्या, "हरकत न्हाई, पुढच्या खेपेला बसू." बसू म्हणे! जसं काही पेपर ह्याच सोडवणार.

आता ही बाई खुर्चीवर आली कशी, तेही ऐका. जुने प्राचार्य रिटायर झाले तेव्हा तपासणी समिती येणार होती आणि फायलींचा नुसता उकिरडा होता. ज्येष्ठतेत पहिल्या सरांची शुगर वाढली, दुसऱ्यांची कंबर धरली, तिसऱ्यांच्या सासूबाई सिरियस झाल्या. चौथ्या नंबरवर मॅडम. संस्थेचे अध्यक्ष अण्णा म्हणाले, "द्या बाईला चार्ज. सहा महिन्यांचा तर प्रश्न हाय."

खोटं कशाला बोलू, बाईच्या हाताखाली काम करायचं माझ्याही जिवावर आलं होतं. त्यांनी मागितलेली फाईल मी मुद्दाम तळाशी ठेवायचो. बाई एका शब्दानं बोलल्या नाहीत. रोज दहाला माझ्या टेबलाशी स्टूल ओढून बसायच्या आणि स्वतः गठ्ठे सोडायच्या. धुळीनं शिंकून शिंकून नाक लाल व्हायचं. चौथ्या दिवशी मलाच माझी लाज वाटली. म्हटलं, "मॅडम, उठा. मी काढतो."

समिती आली, खूश होऊन गेली, आणि ज्येष्ठ सरांच्या तब्येती एका दिवसात ठणठणीत झाल्या. पण अण्णांची पंचाईत झाली. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय! बाईला काढावं तर काम करणार कोण? कायम करावं तर बाई ऐकणार का? सहा महिन्यांची नऊ वर्षं झाली तरी मॅडम आपल्या 'प्रभारी'च. कुणी विषय काढला की हसायच्या. "आपण काय बाबा, चार्जवरच्या!"

मीही ते हसणं खरं धरून चाललो होतो. केबिनमध्ये आजवरच्या प्राचार्यांच्या नावांचा फळा आहे. प्रभारींचं नाव त्यावर लिहीत नाहीत. एकदा दार ढकललं तर मॅडम स्टुलावर उभ्या राहून पदरानं तो फळा पुसत होत्या. शेवटच्या नावाखाली मोकळी जागा होती, तिथं हात थांबला होता. मी तसाच मागं फिरलो. त्या दिवशी कळलं, बाईला हे हवंय आणि मनापासून हवंय. रिटायरमेंटला दोन वर्षं उरली होती. तेवढ्यात ऑर्डर निघाली तर ठीक, नाहीतर बाई प्रभारी म्हणूनच घरी जाणार होत्या.

यंदा एकदाची कायम प्राचार्यपदाची मुलाखत निघाली. मॅडमच्या विरुद्ध उमेदवार अण्णांचा सख्खा भाचा, कडक इस्त्रीत. मॅडमसाठी मी चाळीस पानांचा अहवाल टाईप करून दिला होता. बाई तो घरी विसरल्या! निवड समितीतल्या साहेबांनी विचारलं, "नऊ वर्षांत विशेष काय केलंत?" फायली घेऊन मी कोपऱ्यात उभा.

"विशेष काही नाही, साहेब," मॅडम म्हणाल्या. "लग्न झालेल्या पोरी कॉलेजला येत नव्हत्या. आता येतात. लेकरं घेऊन येतात. परीक्षेच्या दिवसांत आमच्या स्टाफरूममध्ये झोळी बांधलेली असते. इंग्रजीचे सर फार छान झोका देतात."

साहेब हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढून पुसला. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, पण हात मोकळे नव्हते.

पंधरा दिवसांनी लिफाफा आला. मीच नेऊन दिला. मॅडमनी पत्र दोनदा वाचलं. "नामदेवराव, झालं हो." मग त्यांनी मोबाईल उचलला. बोटानं नावं वर सरकवली, खाली सरकवली आणि फोन ठेवून दिला. परत उचलला, परत ठेवला. बाईंनी लग्न केलेलं नाही, घरात मायलेकीच होत्या, आणि आई गेली त्याला वर्षही झालं नव्हतं.

"हे सांगायचं कुणाला हो, नामदेवराव?"

अख्ख्या तालुक्याच्या लग्नांत हक्कानं जेवणारी बाई ही! धीर द्यायची कला माझ्याकडं नाही. म्हटलं, "चला आमच्या घरी. म्हातारी हाय."

माझी आई पंच्याऐंशीची. ओसरीत शेंगा फोडत बसली होती. मी ओरडून सांगितलं, "आई, मॅडम कॉलेजच्या मोठ्या साहेब झाल्या!" आईनं त्यांना जवळ बसवलं, तोंडावरून हात फिरवला आणि स्वतःच्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली.

"कुनाची ग लेक तू?"

"सखूबाईची, माय," मॅडम म्हणाल्या आणि त्यांचा आवाज फुटला. "पर ती न्हाई आता. तिला ह्ये कळलंच न्हाई."

आईनं पदरानं त्यांचे डोळे पुसले. "मग रडतीस कावून? मी सांगते की तिला. माजं आता जवळच आलंय. गेल्या गेल्या आधी सखूबाईलाच गाठते."

मॅडमनी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि लहान पोरीगत मोठ्यानं रडल्या. मी दारात जाऊन उगाच चपला नीट लावत बसलो.