खालची टाकी

पाठककाका कुणाच्या घरी गेले, की यजमानांनी ‘या, बसा’ म्हणायच्या आत उकिडवे बसून टीव्हीखालच्या कपाटाचं दार उघडत. आत काय ठेवलंय याच्याशी त्यांना देणंघेणं नसे, जागा किती आहे एवढंच बघायचं असे. बीड बायपासला माझ्या नणंदेच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत होती, तेव्हा ऐन पूजेत हे भिंतीलगत पालथे पडले आणि शोकेसखाली टेप सरकवू लागले. गुरुजींना वाटलं, गृहस्थ साष्टांग घालताहेत. त्यांनी कौतुकानं पाठीवर अक्षता टाकल्या. काकांनी मान न वळवता विचारलं, “गुरुजी, ती समई जरा इकडं धरता का?”

काका आमचे शेजारी, भिंतीला भिंत लागून. उभी नोकरी सरकारी कचेरीत कालव्यांचे नकाशे काढण्यात गेली. निवृत्त झाले तेव्हा शहर चहूबाजूंनी फुगत चाललं होतं. कालपर्यंत बाजरी उभी होती तिथं बंगले उठत होते, आणि बंगल्याच्या दिवाणखान्यात भिंतभर काचेची टाकी आणि तिच्यात हातभर मासे ठेवायची टूम निघाली होती. एवढ्या टाकीचं पाणी साफ राहायचं तर तिच्याखाली दुसरी एक टाकी लागते. दुकानदार तिला संप म्हणतात. काकांना तो शब्द चालत नसे. “संप कामगारांचा असतो,” ते म्हणत. “ही खालची टाकी.”

तिचे नकाशे काढण्यात काकांचं म्हातारपण रंगलं. वरचं घाण पाणी नळीनं खाली उतरायचं, कप्प्याकप्प्यांतून गाळून पुढं सरकायचं आणि शेवटच्या कप्प्यातल्या पंपानं परत वर चढायचं. पहिल्या कप्प्यात स्पंज, त्याचं नाव झाडूवाला. मधल्या कप्प्यात भाजक्या मातीचे सच्छिद्र तुकडे, त्यांच्यात पाणी शुद्ध करणारे जंतू राहतात. त्या कप्प्याला काका ‘वस्ती’ म्हणत. वस्ती बसल्याशिवाय वर एक मासा सोडू देत नसत. शहागंजात काच कापणारे रशीदभाई एकदा वैतागून म्हणाले, “पाठकसाब, लोगां मछली देखने को बैठे, और तुम नीचेच घुस रे.” काकांनी त्यांना तिथंच, काचांच्या धुळीत बसवून, अर्धा तास शिकवणी दिली. मासा सांभाळायचा नसतो, त्याचं सांडपाणी सांभाळायचं असतं, हे त्यांचं आवडतं वाक्य. नव्या वसाहतींतून, तुंबलेल्या गटारांवरून उड्या मारत जाताना ते मला म्हणाले होते, “बघा बाई, या शहराला वरची टाकी बांधली, खालची विसरले.” मी शाळेत भूगोल शिकवते. मुलांना हे सांगायची मला फार इच्छा होती, पण अभ्यासक्रमात बसत नाही.

त्यांचे नियम दोन. पहिला, खालची टाकी कधी काठोकाठ भरायची नाही. लाईट गेली की पंप थांबतो, आणि वरचं बरंचसं पाणी आपोआप खाली उतरतं. त्याला जागा पाहिजे. एका ठेकेदारानं दिसायला छान दिसते म्हणून ती गळ्यापर्यंत भरली, आणि लाईट जाताच त्याच्या हॉलमध्ये सोफ्याचे पाय बुडाले. काका धावत गेले. सोफ्याची, गालिच्याची कुणीच चौकशी केली नाही म्हणून ठेकेदाराची बायको रुसून बसलेली, आणि काका आपले फरशीवरचं पाणी पोत्यानं टिपून बादलीत पिळताहेत.

दुसरा नियम आवाजाचा. पाणी खाली उतरताना गुळगुळ, खळखळ काही ऐकू येता कामा नये. त्यासाठी ते नळीच्या वरच्या तोंडाला बाक देत, त्याला हवेचं बारीक भोक पाडत, आणि मग भिंतीला कान लावून बसत. “आवाज आला म्हणजे नकाशा चुकला,” म्हणत. गावभर त्यांनी बसवलेल्या टाक्या इतक्या मुक्या होत्या, की पंप बंद पडलाय असं समजून लोक त्यांना फोन करत.

आणि त्यांच्या स्वतःच्या घरातल्या टाकीचा आवाज रस्त्यापर्यंत यायचा. धबधब, अखंड. दिव्याखाली अंधार, असं आम्ही हसून म्हणत असू.

मग पाऊस हुकला. एक वर्ष कसंबसं काढलं, दुसऱ्या वर्षी जायकवाडीचं धरण तळाला गेलं. नळ आठवड्यातून एकदा येऊ लागला, तोही करंगळीएवढा. कॉलनीनं वर्गणी काढून टँकर ठरवला, आणि घरटी पाणी मोजून मिळू लागलं. काकांनी आपले मासे देऊन टाकले. मासे असले की टाकीतलं थोडं थोडं पाणी बदलावं लागतं, आणि ते आता परवडणारं नव्हतं. लोकांनी त्यांना शाबासकी दिली. पण मासे गेले तरी टाकी भरलेलीच, आणि पंप चालूच. मासेच नसलेल्या टाकीतून पाणी खाली पडतंय आणि वर चढतंय. उन्हानं आटलेलं भरून काढायला काका लोकांच्या एसीखाली बादली लावून बसत. आमच्याही एसीखाली बसायचे, आणि एसी बंद केला की खिडकीतून विचारायचे, उकडत नाही का.

टँकर त्यांच्या घरासमोरच थांबायचा. रिकामे ड्रम आणि हंडे घेऊन बाया उन्हात उभ्या, आणि आतून तो धबधब आवाज. कुणाचंही डोकं फिरेल. माझंही फिरायचं. शेवटी कॉलनीचे अध्यक्ष जाधव यांनी बैठकीत ठरवून टाकलं, की पाठकांनी या आठवड्यात टाकी रिकामी करावी, नाहीतर त्यांचं टँकरचं पाणी बंद. सांगायला मला पाठवलं, कारण बाईंचं ते ऐकतात.

त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, तेच पाणी फिरतंय, नवीन थेंब घेत नाही, एसीचं तेवढं घालतो. मी म्हटलं, ते मला कळतं, पण रांगेतल्या बाईला कळत नाही, तिला फक्त ऐकू येतं. निदान आवाज तरी बंद करा. गावाच्या टाक्या मुक्या करता, ही तेवढी होत नाही का?

“ही नाही होत,” ते म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले.

मला राग आला. दोन-तीन दिवस मी एसीच लावला नाही, स्वतःही उकडून घेतलं.

शनिवारी जाधवांचा शेवटचा निरोप सांगायला गेले. रस्ता रुंद करताना सकाळीच जेसीबीनं केबल तोडली होती आणि सगळ्या भागात लाईट नव्हती. काकांचा इन्व्हर्टर दुपारपर्यंत पुरला असावा. तरी आतून पाण्याचा आवाज येत होता. जरा वेगळा, थांबून थांबून. दार उघडंच होतं. काका खालच्या टाकीपाशी पाटावर बसले होते. वरचं पाणी उतरून ती भरली होती. ते तांब्यानं तिच्यातलंच पाणी घेत, हात वर करत आणि परत तिच्यातच सोडत. बनियन घामानं भिजलं होतं. मला बघून त्यांनी तोंडावर बोट ठेवलं आणि मानेनं आतली खोली दाखवली.

आत काकू होत्या. काकू अंथरुणाला खिळल्यात, त्यांना विसर पडतो, एवढं आम्हाला माहीत होतं. फार कुणी जात-येत नसे. काकांनी ओतता ओतताच हळू आवाजात सांगितलं. पुण्याचा मुलगा आला, तर त्याला काकूंनी टँकरवाला समजून विचारलं, आमची पाळी कधी. काका कोण, हे कधी आठवतं, कधी नाही. सगळं पुसलं गेलं, नळाचं तेवढं राहिलं. माहेर पिशोरचं, तिथं विहिरीवरून पाणी आणलं. लग्न होऊन इथं आल्या, तेव्हापासून नळाची वाट बघितली. शांत झालं की त्यांना वाटतं, पाणी गेलं, आपण झोपून राहिलो, आता भरणार कधी. मग उठून हंडा शोधतात, कोरडा नळ पिळतात, रडतात. तशाच मोरीत पडल्या होत्या, तेव्हा खुब्याचं हाड मोडलं.

“आवाज आला की म्हणते, भरलं वाटतं सगळं, वाहू लागलं,” काका म्हणाले. “आणि झोपते. बाई, आवाज मी ठेवलाय. नकाशा नाही चुकला माझा.”

एवढी वर्षं भिंतीपलीकडे राहून मला हे ठाऊक नसावं, याचं फार वाईट वाटलं. काकांच्या तांब्यातलं पाणी आता फरशीवर सांडत होतं.

“जरा धरता का?” ते म्हणाले. “खांदा भरून आलाय.”

मी पाटावर बसले. तांब्या बुडवला, हात वर नेला, सोडलं. काका भिंतीला टेकून डोळे मिटून बसले. पहिल्यांदा माझी लय जमली नसावी, कारण आतून अंथरुणाची हालचाल ऐकू आली. मी घाईनं दुसरा तांब्या सोडला, तिसरा सोडला.

“कोण आहे ग?” काकूंचा आवाज आला. बारीक, पण स्वच्छ.

“मी, शेजारची.”

“भरलं का सगळं?”

“भरलं काकू. आता वाहू लागलंय.”

मला वाटलं, झोपल्या.

“मग बसलीस कामून?” त्या म्हणाल्या. “जा, तुझा हंडा घेऊन ये. आन् गल्लीत सगळ्यांना सांग, दोन-दोन हंडे घेऊन जा म्हणावं. आज आपल्याकडं लई आलंय.”

मी होय म्हटलं. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता. बाहेर टँकर लागल्याचा आणि ड्रम सरकवल्याचा आवाज येत होता. मी ओतत राहिले.