थांबा, भाव उतरेल

घड्याळजींच्या थोरल्या ताईच्या शाळेतल्या निरोपसमारंभाला दोन महिने होते, तेव्हापासून बायको म्हणत होती, "अहो, विमानाची तिकिटं काढून टाका."

"घाई कशाला? भाव चढतो तसा उतरतोही. नेमकी वेळ साधायची असते," घड्याळजी म्हणायचे. तीस वर्षं घड्याळं दुरुस्त केल्यामुळे वेळेच्या बाबतीत ते कुणाचं ऐकत नसत.

दुकानात डोळ्याला भिंग लावण्याआधी ते रोज मोबाईल डोळ्याजवळ धरत. भाव चार हजार दोनशे होता, मग तीन हजार नऊशे झाला. "बघ, अजून उतरेल!" दुसऱ्या दिवशी तो चार हजार आठशेवर गेला. आता तर घड्याळजी हट्टालाच पेटले. विमानकंपनीला मात्र त्यांच्या हट्टाची खबर नव्हती.

बारा दिवस उरले तेव्हा बायकोने चहाचा कप आदळला. "आई गेल्यावर ताईंनी तुम्हाला लहानाचं मोठं केलं. शाळेतल्या त्यांच्या शेवटच्या दिवशी तुम्ही नसलात, तर जन्मात बोलणार नाहीत त्या!"

मुलाने लॅपटॉप उघडला. चौघांची तिकिटं, माणशी सात हजार. घड्याळजींचा चेहरा उतरला. भाव काही उतरला नव्हता.

"माझ्या एकटीचंच बघ रे," कोपऱ्यातून सासूबाई म्हणाल्या.

मुलाने पाहिलं. पाच हजार!

"हे कसं काय?" घड्याळजी ओरडले.

"स्वस्तातल्या तीनच जागा उरल्यात, बाबा. चार एकदम मागितल्या की सगळ्यांनाच वरचा भाव लागतो."

"मग तीन काढ, नि चौथं वेगळं काढ," सासूबाई म्हणाल्या. दोन महिन्यांच्या अभ्यासात जावयाला हे सुचलं नव्हतं.

तीन निघाली. चौथ्याला घड्याळजींनी हात आडवा घातला. "माझं राहू दे. उद्या मंगळवार. मंगळवारी उतरतंच."

मंगळवारी ते नऊ हजार झालं. बुधवारी विमान भरलं. घड्याळजींना दरदरून घाम फुटला. शोधता शोधता एक विमान सापडलं, समारंभाच्या दोन दिवस आधीचं, भल्या पहाटेचं. त्या वेळी कुणालाच जायचं नसल्यामुळे तिकीट तीन हजार चारशे.

ताईने दार उघडलं आणि बघतच राहिली. "दोन दिवस आधी? माझ्यासाठी?"

"मग कुणासाठी?" घड्याळजी म्हणाले, आणि खरं कारण गिळून टाकलं.

त्या दोन दिवसांत त्यांनी ताईच्या कपाटातल्या चौतीस वर्षांच्या वह्या खोक्यांत भरल्या, तिचं भाषण पाच वेळा ऐकलं आणि पाचही वेळा तिच्याआधी स्वतःच रडले. शनिवारी बाकीचे पोहोचले, तर ताई सगळ्यांना सांगत सुटली होती, "भाऊ असावा तर असा!" बायकोने डोळे वटारले. घड्याळजी छताकडे बघू लागले.

समारंभ आटोपल्यावर रात्री जेवताना ताई म्हणाली, "आता मी मोकळी. पुढच्या महिन्यात येते तुमच्याकडे. तिकीट कधी काढू रे?"

सगळ्यांचे घास हातातच राहिले.

"आत्ता," घड्याळजी म्हणाले, आणि डाव्या हाताने तिकीट काढून मोकळे झाले.

थोड्या वेळाने मुलाने सहज मोबाईल पाहिला. भाव पाचशेने उतरला होता. तो तोंड उघडणार, तोच आजीने टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला आणि मायेने विचारलं, "अजून वाढू का रे तुला?"