कोच रामिल आणि सोडून जाणारे आईबाप

कोच रामिलच्या तलावावर मूल सोडून निघून जायची सोय नाही. मुलाचं हक्काचं माणूस बाकावर दिसल्याशिवाय तो त्याला पाण्यात पाऊल टाकू देत नाही. तुम्ही गाडी रिव्हर्सला घातलीत की हा शिट्टी फुंकत पार्किंगमध्ये येतो आणि बॉनेटवर थाप मारतो. "मॉमी! व्हेअर आर यू गोइंग?"

मॉमी! पन्नाशीचा बाप्या मला मॉमी म्हणतो. तिकडे त्याच्या फिलिपीन्समध्ये मुलांच्या आयांना असंच म्हणतात म्हणे. म्हणोत बापडे! पण अमेरिकेतल्या आमच्या शुगर लँड गावच्या उन्हाळ्यात त्या तापलेल्या बाकावर बसून मी ऑफिसचे कॉल घ्यायचे, हा कुठला न्याय? पोहायचंय माझ्या लेकीला, सईला; भाजून मी का निघू?

बरं, बसलं तर बोलायची चोरी. "सई, हात सरळ!" असं एकदा ओरडले, तर म्हणे, "मॉमी, तुम्हाला पोहता येतं? नाही? मग टाळ्या वाजवा."

माणूस साधासुधा नाही, हे कबूल. बॅकस्ट्रोकमध्ये देशाकडून पोहलाय, त्या जोरावर स्कॉलरशिप मिळवून अमेरिकेत आलाय. शर्यती सुटल्या, पण देशाचं नाव लिहिलेलं निळं जाकीट काही सुटलं नाही. भर ऑगस्टमध्ये गळ्यापर्यंत चेन ओढलेली. घामाघूम होतो, पण काढेल तर शपथ!

खरी ठिणगी पडली सप्टेंबरात. आमच्या मंडळाचा गणपती तिथीला बसत नाही, शाळेचा हॉल मिळेल त्या शनिवारी बसतो. नेमकी त्याच शनिवारी सईची फायनल. नवरा ढोलपथकात, मोदक माझ्याकडे. मी म्हटलं, "कोच, सई मैत्रिणीच्या गाडीतून येईल."

"नो मॉमी, नो डॅडी, नो स्विम."

"अहो, आमचा देव यायचाय त्या दिवशी!"

"देव थांबेल. रेस थांबत नाही."

माझ्या मस्तकात तिडीक गेली. "असाल तुम्ही मोठे चँपियन! माझ्या मुलीचं नुकसान करायचा तुम्हाला काय अधिकार?" सगळ्यांदेखत ओरडले. "अय नाकू," एवढंच, म्हणजे त्यांच्यातलं 'अरे देवा', पुटपुटून तो वळला. गाडीत सई हमसून रडत होती. "आई, प्लीज, जस्ट कम ना."

गेले. काय करणार? मोदक मंडळातल्या देशपांडेकाकूंच्या गळ्यात मारले आणि नऊवारी, नथ, सगळ्या साजानिशी क्लोरीनच्या वासात जाऊन बसले, दातओठ खात. सई पाचवी आली. भिंतीला हात लावून तिनं गॉगल वर केला आणि घड्याळाकडे न बघता आधी मला शोधलं. मी नथ सांभाळत उड्या मारत होते.

रामिल शेजारी येऊन बसला. "थँक यू, मॉमी."

"थँक यू कसलं? देवाला टांग मारून आलेय मी!"

"माझ्या सगळ्यात मोठ्या रेसला मीही असंच वर पाहिलं होतं," तो हळूच म्हणाला. "आई सौदीत होती, दुसऱ्यांची मुलं सांभाळायला. मालकानं सुट्टी दिली नाही."

"मग नंतर कधीतरी तुम्हाला पोहताना पाहिलं असेल ना तिनं?"

"ती परत आली, तोवर मी इकडे आलो होतो."

त्या कधी न पाहिलेल्या मालकाचा मला असा संताप आला म्हणून सांगू! पण समोर पुढची रेस संपत होती. पलीकडच्या टीमची एक मुलगी सगळ्यांत शेवटी भिंतीला लागली. तिनं वर पाहिलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. कुणीच उठलं नाही.

रामिल ताडकन उठला आणि जोरजोरात टाळ्या वाजवायला लागला. मला मेलीला रडूच फुटलं. मीही उठले.