झेंडा आकाशी झाला

रूबेनने मशीनचं झाकण उघडलं, आत पाहिलं आणि मुकाट्याने पुन्हा लावून टाकलं. काउंटरमागून नेलिदाने ते टिपलं.

"काय झालं?"

"काही नाही. जरा... आकाशी झालंय."

मशीनमध्ये व्हिला केब्राचो क्लबचा हिरवा-पांढरा झेंडा होता. उलगडला तर लाँड्रीच्या दारापासून मागच्या भिंतीपर्यंत पुरेल एवढा. रूबेनने त्यातच आपला नवाकोरा निळा डगला टाकला होता. आकाशी हा पलीकडच्या मोलिनो क्लबचा रंग, आणि रविवारी सामना त्यांच्याशीच होता.

"जन्म गेला या गावात, एवढंही कळत नाही तुला?"

"मला फुटबॉल आवडत नाही."

"मलाही नाही आवडत. पण जगायला आवडतं मला!"

झेंडा 'बार्रा'चा होता, म्हणजे क्लबच्या कट्टर पाठीराख्यांच्या टोळीचा, आणि टोळी बाग्रेची. सामन्याच्या दिवशी रस्त्यावर गाडी कुठे लावायची ते बाग्रेची पोरं ठरवत. निवडणुकीच्या सभा तीच भरवत, बिनसलं की तीच रिकाम्या करत.

नेलिदाने ब्लीच घालून पाहिलं, तर हिरवाच उडायला लागला. मग तिने क्लबच्या अध्यक्षांना बोलावलं.

"मी सांगू बाग्रेला?" अध्यक्षांना घाम फुटला. "गोलकीपर विकला तेव्हा तीन दिवस माझ्या दारात ढोल बडवत होते. बायको अजून माहेरी आहे."

त्यांनी पोलीसप्रमुखांना फोन केला. प्रमुख आले, झेंडा पाहिला, "प्रकरण नाजूक आहे," म्हणाले आणि आतली खुर्ची धरून बसले. त्यांनी महापौरांना कळवलं. रविवारी याच झेंड्याखाली महापौरांचं भाषण होतं आणि पुढच्या रविवारी मतदान. ते मागच्या दाराने आले.

"आकाशी म्हणजे देशाच्या झेंड्याचा रंग, असं सांगितलं तर?"

"सांगा की," अध्यक्ष म्हणाले. "स्टँडवर चढून तुम्हीच सांगा."

तेवढ्यात बाहेर मोटरसायकल थांबली आणि तिघेही ड्रायरच्या मागे गेले.

"गावाचा कारभार बघता ना तुम्ही?" नेलिदा कडाडली. "लाज वाटू द्या जरा!"

बाग्रे आत आला. मानेवर गोंदण, दारात मावेना असा देह. नेलिदाने झेंडा त्याच्यासमोर पसरला. "नवऱ्याने घाण केलीय. काय बोलायचं ते बोल, पण मशीनला हात लावू नकोस."

बाग्रे कपड्यांच्या टोपलीवर मटकन बसला. "आईने हाताने शिवलाय हो तो. नेलिदाबाई, तुम्हीच सांगा ना तिला. मला नाही जमायचं."

ड्रायरमागून कुणीतरी खुदकन हसलं. बाग्रेने तिकडे पाहताच हसू विझलं.

शेवटी त्याच्या आईला, फिलोमेनाबाईंना, नेलिदानेच बोलावून आणलं. मूठभर म्हातारी, हातात भाजीची पिशवी. चष्मा लावून तिने झेंडा निरखला.

"कुणी केलं?"

रूबेनने हात वर केला.

"निदान धुतला तरी कुणीतरी. या मेल्याने दहा वर्षं त्यावर नुसती बिअर सांडली." मग ड्रायरकडे वळून म्हणाली, "बाहेर या रे सगळे. सुया घ्या."

पांढरं कापड आलं. दुपारभर महापौर, अध्यक्ष, पोलीसप्रमुख आणि बाग्रे फरशीवर मांडी घालून आकाशी पट्ट्यांवर पांढरे पट्टे शिवत होते. महापौरांची शिवण म्हातारीने दोनदा उसवायला लावली. "टाके भाषणासारखे लांबवू नका." सगळ्यांत सुबक टाके पोलीसप्रमुखांचे होते, पण ते कुणाला सांगू नका, अशी त्यांची विनंती होती.

गिऱ्हाईक दारातून परत जात होतं. सगळ्यांना 'माते'चा कडू चहा पाजता पाजता नेलिदा धुमसत होती. "दोन वर्षं दारातलं गटार तुंबलंय, एक माणूस फिरकला नाही. आज बघा, अख्खं सरकार हजर!"

म्हातारीने चष्म्यावरून महापौरांकडे नुसतं पाहिलं. महापौरांना सुई टोचली.

दुसऱ्या दिवशी लाँड्री उघडायच्या आत गटार साफ झालं होतं. रविवारी झेंडा पुन्हा हिरवा-पांढरा फडकला. व्हिला केब्राचो हरलं, पण त्याचा ठपका लाँड्रीवर आला नाही.

सोमवारी नेलिदाने शटर वर केलं, तर बाहेर ही रांग! एकाच्याही हातात कपडा नव्हता.

"नेलिदाबाई, तुमची फिलोमेनाबाईंशी ओळख आहे ना? आमच्या गल्लीत दिवे नाहीत हो."

"माझ्या जावयाची बदली..."

"लाँड्री आहे ही!" नेलिदा ओरडली. "धुणं असेल त्यानेच आत पाऊल टाकायचं!"

रांग पांगली. सुटलो बाई, म्हणत ती इस्त्रीकडे वळली.

दुपारी सगळे परत आले. प्रत्येकाच्या हातात एकेक मोजा होता.