केतकीची पदवी आणि पराक्रममहाराजांचा गवा

एका जंगलात, मुलांनो, सिंहांचं राज्य होतं. राज्य जुनं होतं, पण आधुनिक होतं. म्हणजे राजा प्रजेला एकदम खात नसे. आधी तिचं म्हणणं ऐकून घेई, मग खाई.

राजाचं नाव गजकेसरी. त्याला दोन मुलगे. थोरला पराक्रम, तो युवराज. धाकटा प्रताप. प्रतापला एक मुलगी होती, केतकी. ती जन्मली त्याच दिवशी तिला 'राजकन्या' ही पदवी मिळाली. पदवी असली की शिकार करावी लागत नसे. तरस रोज सकाळी ताजं हरीण गुहेच्या तोंडाशी आणून ठेवत आणि मुजरा करून जात.

पुढे हरणांनी गाऱ्हाणं घातलं. राजघराणं फार वाढलंय, आम्ही पुरायचं कुणाकुणाला? राजाने विचार केला आणि दवंडी पिटवली. यापुढे पदव्या फक्त थोरल्या पातीला. धाकट्या पातीच्या पदव्या रद्द, गादीवरचा हक्कही रद्द.

"त्यांना मोकळेपणाने जगता यावं, एवढाच आमचा हेतू आहे," राजा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी हरीण आलं नाही.

प्रताप भिंतीकडे तोंड करून बसला. "आबासाहेबांनी मला विचारलंसुद्धा नाही," तो म्हणाला. दिवसभर तेच म्हणत राहिला.

"आईसाहेब, आज जेवायला काय?" केतकीने विचारलं.

तिची आई मंजुळा पलीकडच्या डोंगरातली. माहेरी तिला कसलीच पदवी नव्हती. ती उठली, अंग झटकलं आणि म्हणाली, "आजपासून आईसाहेब नको. नुसतं आई म्हण. आणि चल माझ्याबरोबर."

पहिल्या दिवशी केतकी एका सांबरासमोर जाऊन उभी राहिली. तिला वाटलं, ते आपणहून आडवं होईल. सांबराने तिच्याकडे पाहिलं, तोंडातलं गवत चावून संपवलं आणि ते निघून गेलं. दुसऱ्या दिवशी ती चिखलात पडली. झाडावरची माकडं हसली. तिला रडू फुटलं.

"मला माझी पदवी परत हवीय."

"मिळेल तेव्हा घे," मंजुळा म्हणाली. "आत्ता वारा तोंडावर घेऊन चाल. आणि पाय वाजवू नकोस."

हळूहळू केतकीला जमू लागलं. एके दिवशी पहिलं हरीण मारलं. तिने ते ओढत घरी आणलं. प्रताप म्हणाला, राजवंशातले लोक असं घरच्यांनी मारलेलं खात नाहीत. मग भिंतीकडे तोंड करूनच त्याने मांडी संपवली.

काही वर्षांनी गजकेसरी वारला. त्या जंगलात एक जुना नियम होता. जो गवा मारेल तो गादीवर बसेल. युवराजांनी आजवर ससासुद्धा मारला नव्हता. तरस हरणापुरते शूर, गव्याचं नाव काढताच त्यांना कुठे कुठे दुखू लागलं. युवराज सुतकाचं कारण सांगून गुहेतून बाहेर येईनात.

एके दुपारी राज्याचा कारभारी कोल्हा केतकीकडे आला.

"ताई, एक गवा मारून द्यायचा होता."

"मी मारला तर राणी मीच होईन. नियम तसाच आहे ना?"

"आहे की," कोल्हा अदबीने म्हणाला. "पण तुमचं नाव वारसांत नाही. म्हणजे तुम्ही मारलेला गवा कुणीच मारलेला नाही, असं धरता येतं. आणि जे कुणाचंच नाही, ते राजाचं."

केतकीच्या मनात आलं, भांडावं. गादी काही वाईट नव्हती.

"राणीला शिकारीला जाता येतं?" तिने विचारलं.

"छे, छे. राणीने पंजा मळवायचा नसतो."

केतकीने आपल्या पंजाकडे पाहिलं. "मग मागचे दोन्ही पाय आमचे," ती म्हणाली.

मायलेकी गेल्या. गवा मोठा होता आणि त्याला राजकारणात रस नव्हता. त्याने केतकीला शिंगावर घेऊन करवंदीच्या जाळीत फेकलं. खांदा सोलवटला. मंजुळेने त्याला मागून अडवलं, तशी केतकी जाळीतून उठली आणि थेट त्याच्या मानेला भिडली.

राज्याभिषेक थाटात झाला. पराक्रममहाराजांनी गव्यावर पाय ठेवला. हरणांनी टाळ्या वाजवल्या. प्रताप सगळ्यांच्या मागे उभा होता. घरी आला तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते. गुहेत मागचे दोन पाय येऊन पडलेले दिसले.

"दादाने आठवणीने पाठवले," तो म्हणाला. या खेपेला तो भिंतीकडे न वळता जेवायला बसला. "काय गवा मारलाय त्याने. शेवटी रक्त बोलतं."

मंजुळा काही बोलणार होती. केतकीने मान हलवून तिला गप्प केलं, दुखरा खांदा चाटला आणि दुसराही पाय वडिलांपुढे सरकवला.

तात्पर्य: पदवीने पोट भरत नाही, असं मोठी माणसं तुम्हाला सांगतील. मुलांनो, ते खोटं आहे. पदवीने पोट उत्तम भरतं. फक्त घराण्यात एक तरी बिनपदवीचं माणूस असावं लागतं.