नरसय्याअण्णांचं कुलूप

आमचे शेजारी नरसय्याअण्णा दाराला कुलूप लावतात, ते अख्ख्या गल्लीला कळतं. लावतात कसले, कुलपाला लोंबकळतात. आधी ओढायचं, मग गदागदा हलवायचं, मग वाकून कडीत डोळा घालायचा. चार पावलं जायचं आणि परत यायचं. परत आलं की पुन्हा पहिल्यापासून. एवढं झाल्यावर माझ्या दाराकडे तोंड करून हाक येते, "सर, लागलंय की?"

"लागलंय."

"बघून सांगताय का आसंच?"

"बघून सांगतोय हो अण्णा!"

"बरं बरं. एकदा बघून घेतो की."

झालं! पुन्हा ओढाओढी. दिवसभर आठवीच्या पोरांपुढे घसा फोडून आलेला मी माणूस. संध्याकाळी घोटभर चहा प्यावा म्हणून ओट्यावर बसतो, आणि शेजारच्या कुलपाची साक्ष द्यायला उभा राहतो. चहा गार होतो. गेली दोन वर्षं मी सोलापुरासारख्या गावात गार चहा पितोय.

कुलपाचं एक झालं. गॅसचं बटण आहे, दिव्याची बटणं आहेत, नळ आहे. आमच्याकडे पाणी येतं चार-पाच दिवसांतून एकदा. बाकीचे दिवस नळ नुसता भिंतीला शोभेला. त्या कोरड्या ठणठणीत नळाखाली तळहात धरून तो गळतोय का हे बघणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही. त्यांची आणि आमची भिंत एकच, त्यामुळे बटणाची कटकट आमच्या आईच्या खोलीत थेट ऐकू येते. आईला नाही येत, ती ठार बहिरी आहे आणि अंथरुणाला खिळलेली आहे. मला येते. माझी मेली झोप सावध.

आता यात खरी गंमत अशी की याच गुणावर अण्णांनी जन्मभर पोट भरलं. चिंचोळीला एका टॉवेलच्या कारखान्यात ते चेकिंगला होते. परदेशी जाणारा टॉवेल उजेडात धरायचा, उलटापालटा करायचा, सुटलेला धागा, फाटकी किनार शोधायची आणि म्हणायचं, "पास" किंवा "रिजेक्ट". इतरांनी पास केलेला गठ्ठा अण्णा पुन्हा सोडून बघायचे. शेठ खूश! निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळ दिलं, भाषण केलं, असा बारकाईचा माणूस लाखात एक म्हणाले. आम्ही टाळ्या वाजवल्या. गल्लीलाही त्यांचा फायदाच होता. कुणी गावाला निघालं की, "अण्णा, जरा घराकडं बघा." मग अण्णा आपल्या कुलपाबरोबर त्यांचंही कुलूप ओढून बघणार. आमच्या गल्लीत कधी चोरी झाली नाही. चोरांनाही कंटाळा येत असेल.

अण्णांच्या पत्नी नागमणीकाकू होत्या तोवर साक्ष द्यायचं काम त्यांच्याकडे होतं. आमच्या पूर्व भागात निम्मी गल्ली घरात तेलुगू बोलते. अण्णा कुलूप ओढायचे, काकू पिशवी घेऊन पायरीखाली उभ्या. एका टप्प्याला त्या शांतपणे म्हणायच्या, "अइंदी." तेलुगूत याचा अर्थ ‘झालं’. की अण्णा निमूट खाली उतरायचे! काय जादू होती त्या शब्दात कोण जाणे. दोन वर्षांपूर्वी काकू साध्या तापाचं निमित्त होऊन गेल्या. दिवसकार्य आटोपलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हाक आली, "सर, लागलंय की?" काकूंची जागा मला मिळाली, तीही अर्ज न करता.

पण माझ्या शब्दात ती जादू नव्हती. काकू गेल्या, कारखाना आधीच सुटलेला, मग दिवसभर तपासायला उरलं काय, तर एकटं घर. त्यांचा बाजारहाट कमी झाला, देवळात जाणं बंद झालं. पुण्याला लेकीचं, सुजाताचं, ओटभरण होतं. अण्णा साडी, शेंगाचटणी, कडक भाकऱ्या असं सगळं घेऊन बसमध्ये बसले आणि वाटेतच मोहोळला उतरून परत आले. भर दुपारी दारात उभे. कुलूप ओढतायत आणि साडीची पिशवी काखेत.

त्या संध्याकाळी सुजाताचा मला फोन. वडिलांना ती नायना म्हणते. "सर, नायनांना डॉक्टरकडे न्या हो. हा स्वभाव नाही, हा आजार आहे. मी वाचलंय." पुढे बोलता बोलता ती रडायलाच लागली. "आई तर नाहीच. आता बाळाच्या बारशाला नायनाही आले नाहीत तर मी कुणाकडे बघायचं?"

बाईमाणूस रडायला लागलं की मला काही सुचत नाही. मी "बघतो" म्हणालो आणि फसलो.

गल्लीत आजवर निदान करणारे कमी नव्हते. कुणी म्हणायचं बाहेरची बाधा, कुणी म्हणायचं दार दक्षिणेला आहे ते फिरवा. आमच्या आईने तर अंथरुणातून कधीच सांगितलं होतं, "मंत्रचळ हो, दुसरं काय!" अण्णांना मी भीत भीत विचारलं. वाटलं, भडकतील. ते पायरीवर बसले.

"सर, मला बी वाटतंय. हितं," त्यांनी कपाळाला बोट लावलं, "कुठंतरी किनार सुटलीय. पण डॉक्टर येडा म्हणला तर? लेकीच्या सासरी काय तोंड दाखवू?"

"आधी दाखवू तर खरं. मग तोंडाचं बघू."

पहिल्या खेपेला आम्ही दवाखान्यापर्यंत पोचलोच नाही. रिक्षा कोपऱ्यावर गेली की, "जरा थांब की रे बाबा," आणि अण्णा उतरून मागे पळणार. दोनदा, तीनदा. शेवटी रिक्षावाला वैतागून म्हणाला, "चाचा, ताला साथ में लेकू चलते क्या?" तर अण्णा खरंच विचारात पडले! त्या दिवशीची वेळ गेली. मी रजा टाकली होती, तीही गेली.

दुसऱ्या खेपेला मी सरळ त्यांचा दंड धरला आणि रिक्षात घातलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, आमच्या सुजातापेक्षा दोन-चार वर्षांनी मोठ्या असतील. त्या काही विचारणार तोच अण्णा उठले, त्यांच्या खुर्चीच्या पाठीवरचा टॉवेल उचलला, उजेडात धरला आणि म्हणाले, "बाई, रिजेक्ट माल गळ्यात मारलाय तुमच्या." मी कपाळाला हात लावला. बाई हसल्या. "बसा, आणि तो असू द्या तुमच्याजवळच."

मग त्यांनी हळूहळू विचारायला सुरुवात केली. "कुलूप लागलंय हे तुम्हाला कळतं ना?"

"कळतं की. डोळ्याला कळतं, हाताला पटत न्हाई."

"समजा, राहिलं उघडं. काय होईल?"

"चोर यील."

"काय नेईल?"

"काय न्हाई. माझ्याकडं हाय काय न्यायला?"

"मग भीती कसली वाटते?"

अण्णा मांडीवरचा टॉवेल घडी घालत राहिले, मोडत राहिले. माझ्याकडे एकदा बघितलं आणि मान खाली घालून बोलू लागले.

"बाई, चोर अंधारात शिरणार. काडी ओढणार. गॅसचं बटण जरा जरी सुटं आसलं, तर भडका. आन् भिंत एकच हाय. पलीकडं सरांची म्हातारी झोपती. तिला उठता येत न्हाई. वरडलं तर ऐकू बी येत न्हाई. तिचं काय व्हायचं? हे रोज डोळ्यापुढं येतं बघा. मला कळतं, आसं काय होणार न्हाई. पण येतं. मग मी उठतो, आन् बघून घेतो."

मी खिडकीबाहेर बघायला लागलो. इतकी वर्षं मी ती कटकट ऐकून दात खात होतो. हा माणूस माझ्या आईला जपत होता! मला भरून आलं, आणि भरून आलेलं दवाखान्यात लपवायला जागा नसते.

बाईंनी आणखी बरंच विचारलं आणि मग आजाराचं नाव सांगितलं. ओसीडी.

"एवढंच?" अण्णा म्हणाले. "एवढ्या वर्षांचा तरास, आन् नाव एवढुसं?" मग एकदम पुढे वाकून म्हणाले, "म्हणजे हे दुसऱ्याला बी होतं?"

"पुष्कळांना होतं. तुम्ही वेडे नाही आहात अण्णा. औषध आहे, परत न बघता निघायचा सराव आहे. बरं वाटतं यात."

अण्णांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. त्यांनी त्याच टॉवेलने डोळे पुसले. मग टॉवेल उलटा करून पुन्हा किनार बघितली. सवय ती सवय.

बाहेर आल्यावर पायऱ्या उतरता उतरता म्हणाले, "सर, म्हणजे शेठनं माझ्या रोगाचा सत्कार केला की!" आणि आम्ही इतके हसलो की दोघांनाही कठडा धरायला लागला. काकू गेल्यापासून त्यांना हसताना मी प्रथमच बघत होतो.

गोळ्या सुरू झाल्या. आठवड्याला एकदा सरावाला जायचं ठरलं. पण खरी शिक्षा मला झाली. "त्यांनी विचारलं तरी लागलंय म्हणायचं नाही," बाईंनी बजावलं. "तुम्ही म्हणता, त्यांना घटकाभर बरं वाटतं आणि दुखणं वाढतं. हळूहळू कमी करत बंद करा." गल्लीने वेगळीच कुरकुर काढली. समोरचे गिरणीवाले मला बाजूला घेऊन म्हणाले, "सर, फार बरं करू नका हो. दिवाळीला आम्ही गावाला जाणार आहोत."

"सर, लागलंय की?"

मी गप्प.

"सर?"

मी चहात बघत बसायचो. एकदा "हो" म्हटलं की माणूस सुटतो, आणि ते म्हणायचं नाही. चाळीस पोरांचा वर्ग परवडला. कधी अण्णा रागावायचे, कधी काकुळतीला यायचे, एकदा तर चार दिवस अबोला धरला. पुन्हा दोनदा-तीनदा कोपऱ्यावरून परत आले. पण तीनदाचं एकदा झालं, हेही खरं.

सुजाताला मुलगी झाली. बारशाच्या आदल्या दिवशी सकाळी रिक्षा दारात उभी राहिली. रिक्षावाला नेमका तोच, कुलूप बरोबर न्यायला सांगणारा. अण्णांनी पांढरा सदरा घातला होता, काखेत बाळासाठी दोन मऊ टॉवेल होते, स्वतः पास केलेले. त्यांनी कुलूप लावलं. ओढलं. हात तिथेच राहिला.

मी गप्प. अण्णांची मान वळली, माझ्याकडे. तोंड उघडलं. माझ्या जिभेवर शब्द आला होता, देवाशपथ. मी दातांखाली जीभ धरली. मोहोळ, ओटभरणाची साडी, फोनवर रडणारी सुजाता, सगळं त्या एका कुलपावर लोंबकळत होतं.

अण्णांनी पायरीखाली बघितलं. काकू पिशवी घेऊन जिथे उभ्या राहायच्या तिथे. आणि हळूच, स्वतःशीच म्हणाले, "अइंदी."

हात सुटला. ते उतरले, रिक्षात बसले. कोपऱ्यावर रिक्षा जरा हळू झाली, मी दोन पावलं पुढे झालो. समोरून म्हैस येत होती. म्हैस गेली, आणि रिक्षाही गेली.

मी ओट्यावर बसलो. चहा आला, गरम होता. आतून बायकोने विचारलं, "अहो, अण्णांचं कुलूप नीट लागलंय ना? जरा बघून घ्या की."

मी उत्तर दिलं नाही.